प्रवचन कोणाचे? सांगणाऱ्याचे की ऐकणाऱ्याचे?



रविवारची मिस्सा आटोपून आपण घरी जातो. दुपारी जेवताना आजी नातवाला विचारते, "आज फादरांनी प्रवचनात काय सांगितलं रे?" नातू ताटाकडे पाहत राहतो. मग आजीच म्हणते, "चांगलं सांगितलं हो." काय चांगले सांगितले, हे मात्र तिलाही धड आठवत नसते. हा प्रसंग बहुतेक ख्रिस्ती घरांत घडतो. आम्हीही कधीकाळी अशाच एका घरातले नातू होतो, त्यामुळे हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

प्रवचन कशाने परिणामकारक होते, हा प्रश्न आम्ही सेमिनरीत पुस्तकातून शिकलो होतो. तो खऱ्या अर्थाने शिकवला तो मात्र आपल्या भागातल्या एका तरुणाने. ती हकिकत आधी सांगतो. ती आमच्या चुकीची आहे, म्हणून सांगणे अधिक आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिन्यातला रविवार होता, बाहेर पाऊस कोसळत होता. आमचे प्रवचन चालू असताना तिसऱ्या बाकावर एक तरुण डुलक्या घेऊ लागला. मान खाली जायची, पुन्हा वर यायची. आम्ही वेदीजवळून म्हणालो, "काही जणांच्या घरात पाऊस गळतो वाटतं, म्हणून ते झोपायला चर्चमध्ये येतात." लोक हसले. तो दचकून जागा झाला आणि मान खाली घालून बसला. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

चौथ्या रविवारी त्याची आई आम्हांला भेटली. म्हणाली, "फादर, बंदरावरची रात्रपाळी करून तो त्या दिवशी घरी न येता थेट मिस्साला आला होता. घरी आलो तर झोप लागेल आणि मिस्सा चुकेल, असं म्हणायचा." आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. त्याने चहा दिला, हसला आणि म्हणाला, "फादर, मी झोपलो हे खरं आहे. पण त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता, ते जे जागे होते त्यांना तरी विचारून बघा."

आम्ही परत आलो. आम्हांलाच आठवेना! डायरी काढून पाहिली. त्या रविवारचे शुभवर्तमान होते मत्तय ११. श्रमलेल्या व ओझ्याने वाकलेल्या सर्वांना प्रभू येशू आपल्याकडे विसाव्यासाठी बोलावतो, तो उतारा. बंधुभगिनींनो, त्या उताऱ्यावर आम्ही वीस मिनिटे बोललो होतो, आणि एका श्रमलेल्या माणसाला सर्वांसमक्ष लाजवले होते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा पुन्हा अभ्यास सुरू केला. त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. खिडकीत झोपलेला युतुख

चर्चमध्ये झोप लागणारा पहिला माणूस आपल्या धर्मग्रामातला नव्हे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडा. त्रोवस गावी संत पौल रात्री उशिरापर्यंत बोलत राहिला. माडीवर पुष्कळ दिवे जळत होते. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. पौलाचे बोलणे लांबले, त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तेव्हा लोकांना तो मेलेलाच वाटला.

पौलाने काय केले? त्याने बोलणे थांबवले, तो जिना उतरून खाली गेला आणि त्याने त्या मुलाला कवटाळले. त्याच्यात जीव आहे, असे लोकांना सांगितले. मग वर येऊन त्याने भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहिला. शेवटी लोक त्या मुलाला जिवंत घरी घेऊन गेले व त्यांना फार समाधान वाटले, असे लूक लिहितो.

प्रेषितांमधला एवढा थोर वक्ता, पण त्याच्याही प्रवचनात माणूस झोपला. तेव्हा झोपणारा नेहमीच श्रद्धाहीन असतो असे नाही, आणि सांगणारा नेहमीच कंटाळवाणा असतो असेही नाही. माणसाच्या शरीराला मर्यादा असतात. सांगणाऱ्याने त्या ओळखायला हव्यात आणि वेळ आली तर खाली उतरून जायला हवे. त्या रविवारी आम्ही खाली उतरलो नाही, वरूनच बोललो.

२. प्रवचन म्हणजे भाषण नव्हे

पुष्कळांना वाटते, की प्रवचन म्हणजे मिस्साच्या मध्ये येणारे एक भाषण. तसे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे असे स्पष्ट सांगितले आहे. रविवारी आणि सक्तीच्या सणांना लोकांसह होणाऱ्या मिस्सात गंभीर कारणाशिवाय ते वगळू नये, असाही नियम आहे. म्हणजे प्रवचन हा प्रभुशब्दाच्या मेजाकडून ख्रिस्तशरीराच्या मेजाकडे नेणारा पूल आहे. पूल कितीही सुंदर असला, तरी त्यावर कोणी मुक्काम करीत नाही. पलीकडे जाण्यासाठी तो असतो.

जुन्या करारात याचा एक उत्तम नमुना आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक चौकात जमतात. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ समजावून देतात. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते, की रडू नका. घरी जाऊन चांगले खा, प्या आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना त्यातला वाटा पाठवा. वाचन, अर्थ, हृदयाला स्पर्श आणि शेवटी शेजाऱ्याच्या घरी पोहोचणारे ताट. परिणामकारक प्रवचनाचा क्रम याहून वेगळा नाही.

३. सांगणाऱ्याकडून काय अपेक्षित आहे?

तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अॅरिस्टॉटल वाचला. श्रोत्याला तीन गोष्टी पटवतात, असे तो म्हणतो: बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था आणि बोलण्यातला युक्तिवाद. सेमिनरीत आमचा सारा भर तिसऱ्या गोष्टीवर होता. धर्मग्रामात आल्यावर कळले, की लोक पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करतात. फादर क्षमेवर बोलू लागले, की लोक मनात तपासतात: फादर कोणाशी बोलत नाहीत बरे? पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसारावरच्या पत्रात हेच सांगितले होते, की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, आणि शिक्षकांचे ऐकलेच तर ते साक्षीदार आहेत म्हणून ऐकतो.

मग ज्याचे जीवन परिपूर्ण आहे त्यानेच बोलायचे का? तसे असते तर आमच्यासारख्यांना तोंड उघडता आले नसते. स्वतःला सोडून इतरांना सांगू नये, एवढाच याचा अर्थ. संत ऑगस्टीनचे म्हणणे असे, की प्रवचनकाराने बोलण्यापूर्वी प्रार्थना करावी. लोकांशी बोलणारा होण्याआधी देवाशी बोलणारा व्हावे.

तयारीचे काय? करंजाच्या किनाऱ्यावर जाऊन पाहा. बोट समुद्रात जाण्याआधी कोळी बांधव कितीतरी वेळ जाळे पसरून बसलेले असतात. कुठे फाटले आहे ते पाहतात, एकेक घर विणून काढतात. लोकांना फक्त बाजारात आलेली मासळी दिसते. प्रभूने पहिले शिष्य निवडले तेही जाळ्यांशी काम करणारेच होते. याकोब आणि योहान तर जाळी दुरुस्त करीत असताना त्याने त्यांना बोलावले. शनिवारी रात्री अकरा वाजता पुस्तक उघडणारा प्रवचनकार फाटके जाळे घेऊन समुद्रात जातो. आम्हीही असे कितीदा गेलो आहोत, ते प्रभूला ठाऊक आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली 'इव्हांजेली गाउदियुम' या पत्रात प्रवचनावर सविस्तर लिहिले. त्यातला एक विचार आम्हांला फार भावतो. आई मुलाशी बोलते, तसे ख्रिस्तसभेने प्रवचनातून आपल्या लोकांशी बोलावे, असे ते म्हणतात. आई मुलाला रागे भरते, पण तिचे त्याच्यावर प्रेम आहे हे मुलाला ठाऊक असते. शब्दाइतकेच आपल्या लोकांकडेही मन लावून पाहावे, असेही ते प्रवचनकाराला सांगतात. याच पोप महोदयांनी १२ जून २०२४ च्या बुधवारच्या भेटीत तर स्पष्टच सांगितले, की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये. त्यापुढे लक्ष उडते, लोक झोपतात आणि त्यांचे बरोबरच असते! आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांला तिसऱ्या बाकावरचा तो तरुण आठवला.

४. लोकांच्या भाषेत सांगणे

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे केवढे मोठे उदाहरण आहे! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. १५७९ साली ते गोव्यात उतरले आणि १६१९ साली त्यांचे निधन झाले. मधली सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात काढली. त्यांनी कोंकणी व मराठी आत्मसात केली. त्यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मागे, १६४० साली, छापले गेले. आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे प्रसिद्ध झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला होता.

हा ग्रंथ कसा जन्मला? ग्रंथाच्या आरंभीच स्टीफन्स एक प्रसंग सांगतात. धर्मशिक्षण ऐकणाऱ्यांपैकी एक जण त्यांना विचारतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला तसेच काही का देत नाही? हा ऐकणाऱ्याचा प्रश्न होता. स्टीफन्स रागावले नाहीत. लोकांच्या कानाला ओवीची गोडी आहे हे त्यांनी जाणले आणि प्रभू येशूची कथा ओवीत घातली. रविवारी व सणांना चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे ती वाचली जाऊ लागली.

त्या काळात राजसत्तेचे दडपण होते, देवळे पाडली गेली होती, हे लपवण्याचे आपल्याला कारण नाही. सत्तेने केलेले काम लोकांच्या मनात जखम ठेवून गेले. लोकांच्या भाषेत, प्रेमाने सांगितलेली गोष्ट मात्र त्यांच्या ओठांवर राहिली. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी क्रिस्तपुराण मेले नाही. लोकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाचा मार्ग धरला. ते प्रोटेस्टंट पंथाचे, पण त्यांची भजने आज सर्वच मराठी ख्रिस्ती लोक गातात.

कीर्तनकाराकडून आम्हांला एक गोष्ट विशेष शिकण्यासारखी वाटते. वारकरी कीर्तनकार निरूपणासाठी एकच अभंग घेतो. दृष्टांत देतो, हसवतो, रडवतो, पण फिरून त्याच अभंगावर येतो. आम्ही मात्र एका प्रवचनात तीन वाचने, दोन संत, एक वर्तमानपत्रातली बातमी आणि चर्चच्या छताची वर्गणी असे सगळे भरतो. मग आजीने नातवाला सांगावे तरी काय?

५. ऐकणाऱ्याकडून काय अपेक्षित आहे?

आतापर्यंत आपण मनात म्हणाला असाल, "बरे झाले, फादरांनी स्वतःचेच कान पिळले." आता थोडे आपल्याकडे वळू या.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात पेरणारा एकच आहे आणि बीही एकच आहे. फरक पडतो तो जमिनीचा. वाट, खडक, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन या चारही जमिनी आमच्या चर्चमध्ये दर रविवारी असतात. खरे तर त्या एकाच माणसात असतात. प्रवेशगीताच्या वेळी आपण चांगली जमीन असतो, आणि प्रवचन सुरू होताच मोबाइल थरथरला की वाट होतो.

आपल्या भारतीय परंपरेत ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. आधी ऐकावे, मग त्याचा विचार करावा, मग ते अंगी मुरेपर्यंत त्याचा ध्यास घ्यावा. पवित्र मरियेने हेच केले. मेंढपाळांनी सांगितलेले शब्द तिने अंतःकरणात ठेवले व ती त्यांचे मनन करीत राहिली, असे संत लूक सांगतो. आपण बहुतेक पहिल्याच पायरीवर थांबतो, आणि मग "फादरांचे प्रवचन लागत नाही" अशी तक्रार करतो.

ऐकण्याचे सामर्थ्य केवढे असते, ते संत ऑगस्टीनच्या जीवनात दिसते. ३८४ साली तो मिलान शहरात वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक म्हणून आला. बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकायला तो जाऊ लागला, पण श्रद्धेने नव्हे. हा माणूस किती चांगले बोलतो, हे तपासायला तो जात होता. आशयाकडे त्याचे लक्षही नव्हते. पण शब्दांबरोबर आशयही हळूहळू आत शिरू लागला, अशी कबुली पुढे त्याने स्वतः दिली आहे. ३८७ च्या पास्काच्या रात्री त्याच अँब्रोज यांनी त्याला स्नानसंस्कार दिला. चुकीच्या हेतूने का होईना, तो येत राहिला आणि ऐकत राहिला.

पुढे तोच ऑगस्टीन बिशप झाला. कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डिकनने त्याच्याकडे तक्रार केली, की शिकवताना माझे बोलणे मलाच कंटाळवाणे वाटते. उत्तरादाखल ऑगस्टीनने एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो, की मलाही माझे बोलणे जवळजवळ नेहमीच अपुरे वाटते. आणि ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला जागा द्यावी, असा सल्ला तो देतो. त्या काळी पुष्कळ ठिकाणी लोक उभे राहून ऐकत. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपला थकलेल्या श्रोत्याची एवढी काळजी होती!

ऐकणाऱ्यांसाठी चार साध्या गोष्टी सुचवतो:

• शनिवारी रात्री घरात एकाने रविवारचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावे. पाच मिनिटे पुरतात. ओळखीच्या माणसाचे बोलणे गर्दीतही ऐकू येते, तसेच ओळखीच्या उताऱ्याचे असते.

• प्रवचन सुरू होताना मनात म्हणावे, "प्रभो, आज माझ्यासाठी एक तरी शब्द दे." हा शब्द शेजाऱ्यासाठी नको. "हे आमच्या जावेने ऐकायला हवे होते" असे वाटले, की समजावे, बी वाटेवर पडले.

• घरी जेवताना आजीने प्रश्न जरूर विचारावा, आणि स्वतःचे उत्तर आधी द्यावे.

• आणि प्रवचन समजले नाही किंवा टोचले, तर फादरांना येऊन सांगावे. क्रिस्तपुराण एका श्रोत्याच्या प्रश्नातून जन्मले, हे विसरू नये.

६. परिणाम कोणाच्या हाती?

एवढे सगळे केले तर प्रवचन नक्की परिणाम करील का? येथे आम्हांला सावधपणे बोलावे लागते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी संत पेत्राच्या शब्दांनी लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली आणि सुमारे तीन हजार लोकांनी स्नानसंस्कार घेतला. पण प्रत्यक्ष प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात बोलला, तेव्हा त्याच्याच गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले. अथेन्समध्ये पौलाने तत्त्वज्ञांपुढे विचारपूर्वक भाषण केले. काही हसले, काहींनी 'पुन्हा ऐकू' म्हणून टाळले, थोड्यांनीच विश्वास ठेवला. स्तेफनाचे प्रवचन तर दगडांनी संपले. त्या दिवशी दगड मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळत एक तरुण उभा होता. त्याचे नाव शौल. स्तेफनाने त्याचे परिवर्तन पाहिले नाही.

म्हणून टाळ्या किंवा अश्रू हे परिणामाचे माप नव्हे. सांगणारा पेरतो, ऐकणारा जमीन देतो, वाढवणारा पवित्र आत्मा असतो. यामुळे आम्हां दोघांचीही जबाबदारी कमी होत नाही. उगवत नाही म्हणून शेतकरी नांगरणी सोडत नाही.

तो तरुण आता येतो का, असे आपण विचाराल. येतो. रात्रपाळी असेल तेव्हा तो मागच्या भिंतीला टेकून बसतो, आणि कधी कधी झोपतोही. आम्ही त्याला उठवत नाही. आम्ही मात्र आमच्या मेजावर घड्याळ ठेवतो, आणि शुक्रवारपासून रविवारच्या उताऱ्यावर मनन सुरू करतो. दर वेळी जमतेच असे नाही. मागच्या महिन्यात एकदा प्रवचन पंधरा मिनिटांवर गेले. मिस्सानंतर तो दारात भेटला आणि काही न बोलता हातातल्या घड्याळावर त्याने बोट ठेवले. आम्ही दोघेही हसलो.

लघुसमूहात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात ऐकलेल्या प्रवचनातली कोणती एक गोष्ट तुमच्या लक्षात राहिली? का राहिली?

२. प्रेषितांची कृत्ये २०:७-१२ एकत्र वाचा. आपल्या धर्मग्रामातले 'युतुख' कोण? पाळीची नोकरी, आजारपण, लहान मुले यांमुळे थकलेल्यांसाठी आपला समूह काय करू शकेल?

३. नहेम्याच्या काळी प्रभुशब्द ऐकून लोकांनी गरजूंना ताटे पाठवली. या आठवड्यात आपल्या घरातून कोणाकडे ताट जाईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, अम्माऊसच्या वाटेवर तू शिष्यांबरोबर चाललास, त्यांना शास्त्रलेख उलगडून सांगितलेस आणि त्यांची अंतःकरणे पेटवलीस. आम्हां सांगणाऱ्यांना आधी तुझे ऐकायला शिकव. ऐकणाऱ्यांना मोकळे मन दे. जे थकून तुझ्या घरी येतात त्यांना विसावा दे, आणि आमच्या कोणत्याही शब्दाने त्यांना तुझ्यापासून दूर जाऊ देऊ नकोस. आमेन.